हात न लावता

“डॉक्टर, ह्याला बघा. आणि काय निघंल ते माझ्यासमोर सांगा,” असं म्हणत दत्तू वस्तादांनी त्या पैलवानाला दंडाला धरून माझ्या खोलीत ढकललं. सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि माझा पहिला चहासुद्धा झाला नव्हता.

पैलवान दारात मावत नव्हता. एरवी ताठ उभा राहिला असता तर चौकट डोक्याला लागली असती, पण तो कमरेत वाकला होता आणि दोन्ही मुठी ओटीपोटाखाली दाबून धरल्या होत्या. चेहरा घामानं डबडबलेला. अंगाला तालमीतल्या तांबड्या मातीचे पोपडे चिकटलेले. चालताना ते माझ्या खोलीतल्या फरशीवर गळत होते.

मी खुर्चीतून उठलो नाही. या खोलीत उठायची माझी पद्धतच नव्हती.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. एम.बी.बी.एस. झालो होतो, आणि सरकारनं बाँडच्या एका वर्षासाठी मला हिरगावच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवलं होतं. मला रेडिओलॉजी करायची होती. अंधाऱ्या खोलीत बसायचं, फिल्म बघायची, माणूस बघायचा नाही, असं माझं स्वप्न. आणि माझ्या वाट्याला काय आलं, तर सात नंबरची खोली. पुरुषांचे गुप्तरोग. गावात एखाद्याला नुसतं “काय, सात नंबरला दिसलास?” असं विचारलं तरी मारामारी व्हायची.

तिथं प्रयोगशाळा वगैरे काही नव्हतं. भिंतीवर एक मोठा तक्ता होता. लक्षण काय ते विचारा, तपासा, आणि बाण जिकडे जाईल त्या रंगाचं पाकीट द्या. पू येतो, करडं पाकीट. जखम आहे, पांढरं. जांघेत गाठ आली, काळं. रिपोर्टची वाट बघायची नाही, कारण एकदा गेलेला माणूस लाजेनं पुन्हा येत नाही. मला स्वतःला ही पद्धत फार आवडायची, कारण काम झटपट उरकायचं.

फक्त त्या तक्त्यातला “तपासा” हा शब्द मला नको होता. मला त्या माणसांची किळस यायची. सरळ सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या कपड्यांच्या वासाची यायची आणि त्याहून जास्त त्यांच्या थापांची. एकाला म्हणे बुलेटच्या तापलेल्या सीटवर बसून झालं होतं, दुसऱ्याला लॉजच्या टॉवेलानं. एक पुढारी तर म्हणाला, “साहेब, सभेत फार वेळ उभं राहिलो ना, त्यानं.” घरी बायको सात महिन्यांची पोटुशी, आणि हा सभेत उभं राहून आजारी पडतो! मी घरून साबण आणला होता, माझ्यापुरता. प्रत्येक पेशंट गेला की कोपरापर्यंत हात धुवायचो. गंमत म्हणजे मी कुणाला हात लावतच नव्हतो. टेबल मुद्दाम आडवं लावून घेतलं होतं. पेशंट पलीकडे, मी अलीकडे, आणि मध्ये पाकिटांचे खोके.

बघायचं काम सुतार ब्रदर करायचे. पन्नाशीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा. “चला राजे, जरा पडद्याआड,” म्हणायचे आणि शेतकऱ्यानं कणीस सोलून बघावं इतक्या सहजपणे बघून यायचे. “सर, पू आहे,” किंवा “सर, जखम आहे, दुखत नाही म्हणतोय.” मी तक्त्याकडे बघायचो, पाकीट पुढे सरकवायचो आणि सही करायचो. रजिस्टरमध्ये मात्र “तपासणी केली” असं माझ्याच अक्षरात असायचं.

त्या दिवशी रविवार होता आणि सुतारांना पोलिओच्या बूथवर पाठवलं होतं.

“नाव?” मी विचारलं.

“मायाप्पा बंडगर,” उत्तर वस्तादांनीच दिलं. “तेवीस वर्षांचा. पुढल्या महिन्यात जिल्ह्याच्या मैदानात दोन नंबरची कुस्ती हाय ह्याची. भैरोबाच्या तालमीत दुसरा असा पैलवान न्हाई. सहा वर्षं माझ्या हाताखाली हाय.”

“काय होतंय?”

मायाप्पा तोंड उघडणार तेवढ्यात त्याला पुन्हा कळ आली. त्यानं ओठ दातांत धरला.

“दुखालंय सायेब. खाली. लई दुखालंय.”

“खाली म्हणजे? गोट्यांमध्ये?”

त्यानं वस्तादांकडे बघितलं आणि मान हलवली.

“एका बाजूला की दोन्ही?”

“डाव्या.”

“सूज?”

“हाय.”

“कुठं गेला होतास?”

“कुठं म्हंजे?”

“कुठं म्हणजे तुला कळतं. लग्न झालंय?”

“न्हाई जी. कुठंबी गेलो न्हाई. म्या तालमीतच झोपतो. पहाटं पाचला बैठका मारायला उठलो आणि एकाएकी...”

“एकाएकी काही होत नसतं,” मी म्हणालो. हे वाक्य मी त्या खोलीत रोज पंधरा वेळा म्हणायचो. “बाई होती, की आणखी कोण?”

“सायेब, लाल मातीची आण.”

“आणभाक नको. खरं सांग, म्हणजे औषध बरोबर देता येईल.”

“खरंच सांगालोय. कुणाला हात लावला न्हाई आजपातुर.” तो रडवेला झाला होता. एवढा अवाढव्य देह आणि आवाज असा. मला तेही किळसवाणंच वाटलं. सगळ्यांचा नंतर असाच आवाज होतो, हे मला सहा महिन्यांत पाठ झालं होतं.

मग तो वळला, भिंतीचा आधार घेत कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला आणि ओकला. माझ्या साबणावर. रात्रीचं दूध, बदामाचे तुकडे, सगळं. आंबूस वास खोलीभर पसरला. मी रुमाल नाकाला लावला आणि खरं सांगतो, माझं डोकंच फिरलं. तो माझा साबण होता. घरून आणलेला.

“बस झालं!” मी ओरडलो. “नाटकं पुरे. हे घे.” करडं पाकीट टेबलावरून त्याच्याकडे फेकलं. “हे आत्ता घ्यायचं. चौदा दिवसांच्या या वेगळ्या गोळ्या. लंगोट घट्ट बांध, आराम कर. आणि जिच्याकडे गेला होतास तिलाही घेऊन ये.”

वस्ताद इतका वेळ दाराशी उभे होते. साठीचा उंच, वाळका माणूस, डोक्याला तांबडा फेटा. त्यांनी पाकीट उचलून उलटसुलट करून पाहिलं.

“डॉक्टर, मी शिकलेलो न्हाई. ह्यातलं औषध कशावर देत्यात?”

पेशंटचं कुणाला काही सांगायचं नसतं. पहिल्या दिवसापासून हे शिकवतात, आणि तक्त्याच्या खालीही ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पण वास अजून नाकात होता.

“बाहेर शेण खाऊन आलेल्यांना देतात,” मी म्हणालो.

दार उघडं होतं. बाहेर रविवारची रांग होती, बाकावर बायका होत्या, पोलिओसाठी आणलेली पोरं होती. सगळ्यांनी ऐकलं.

वस्तादांनी दोन्ही कानांना हात लावला. ओरडले नाहीत. मायाप्पा त्यांच्या पायावर पडायला वाकला, तर ते दोन पावलं मागं सरकले.

“हात लावू नगोस मला.”

“वस्ताद, आईची शपथ...”

“आईचं नाव घेऊ नगोस. सहा वर्षं माझ्या थाळीत जेवलास. त्याच हातानं माझ्या मातीला नमस्कार करत हुतास न्हवं?” ते दाराकडे वळले. “तालमीत पाय ठेवायचा न्हाई. वळकटी रस्त्यावर टाकतो, तिथनं उचल.”

ते निघून गेले. मायाप्पा थोडा वेळ भिंतीला धरून उभा राहिला, मग पाकीट मुठीत घेऊन फरफटत बाहेर पडला. बाकावरच्या बायकांनी पदर नाकाला लावले आणि पोरांना जवळ ओढलं.

मी शिपायाला बेसिन धुवायला लावलं. साबण फेकून दिला. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. एका तरी माणसाची थाप त्याच्या तोंडावर उघडी पाडली, असं वाटलं होतं.

दुपारी अडीचला सुतार बूथवरून आले, खांद्याला पोलिओच्या लसीचा डबा. मी डबा खाऊन पाय पसरून बसलो होतो. मी त्यांना सगळी हकीकत रंगवून सांगितली. वस्तादांचा फेटा, पैलवानाची आणभाक, माझा साबण. सुतार हसतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा खाली ठेवला.

“सर, बघितलंत का?”

“काय बघायचंय? गोटी सुजली आहे. सगळं सरळ आहे.”

“पू होता?”

“विचारलं नाही.”

“लघवीला जळजळ?”

“सुतार, तुम्ही माझी परीक्षा घेताय का?”

“कधीपासून दुखत होतं म्हणाला?”

“पहाटे पाच. एकाएकी म्हणे.”

“आणि ओकला.”

“ओकला म्हणजे काय, माझा साबण...”

सुतार तक्त्यापाशी गेले, चष्मा वर सरकवला आणि चौथ्या रांगेतल्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. मला वाचायची गरज नव्हती. तो चौकोन मला पाठ होता, प्रशिक्षणात मीच तो उभं राहून म्हणून दाखवला होता. दुखणं अचानक सुरू झालं का? उलटी झाली का? अंड वर चढलंय का, फिरलंय का? असेल तर पाकीट द्यायचं नाही. पीळ पडलाय. रक्तपुरवठा तुटलाय. ताबडतोब ऑपरेशनला पाठवा. सहा तासांच्या आत सुटला तर वाचतं.

पाच ते अडीच. मी बोटांवर मोजले. साडेनऊ तास.

“नऊला आला होता,” सुतार म्हणाले. “जिल्ह्याला जायला तास लागतो.”

“त्यानं सांगायला हवं होतं नीट,” मी म्हणालो.

“त्यानं सांगितलं होतं सर,” सुतार म्हणाले आणि गाडीची किल्ली काढली.

तालमीत गेलो तेव्हा आखाड्यात चारपाच पैलवान फावड्यांनी माती उपसत होते. घमेली भरभरून गटाराकडे नेत होते. कडेला नवी माती टाकलेली, आणि ताकाच्या घागरी, हळदीची पोती, लिंबं. वस्ताद ओट्यावर बसून होते. कोपऱ्यात काहीतरी जळत होतं. लंगोटाची किनार दिसत होती.

“चपला काढा,” वस्ताद म्हणाले.

आम्ही काढल्या.

“मायाप्पा कुठं आहे?” सुतारांनी विचारलं.

“त्याचं नाव हितं घ्यायचं न्हाई. हातभर माती काढालोय त्याच्यापायी. नवी मळून देवाला नारळ फोडल्याबिगर कुणाला उतरू देणार न्हाई.”

“त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय.”

“न्या की. न्हाईतर मरू द्या. स्टँडकडं गेला म्हणं.”

हीच वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं: वस्ताद, मी चुकलो, मी बघितलंच नाही. मी घमेल्यातून गटारात पडणाऱ्या त्या मातीकडे बघत राहिलो आणि चपला पायात सरकवल्या.

स्टँडच्या मागं, रसवंतीच्या चिपाडांच्या ढिगापाशी तो पडला होता. अंगाचं मुटकुळं केलेलं. त्याच्या आसपास दहा पावलांचं अंतर सोडून सगळे उभे होते. आम्ही पुढे निघालो तर एक हमाल म्हणाला, “नगा जाऊ. त्याला तसला रोग झालाय.” बातमी आमच्या आधी पोचली होती. मायाप्पाच्या मुठीत करडं पाकीट होतं, रिकामं. गोळ्या त्यानं पाण्याविना गिळल्या होत्या. घशात अडकल्यानं त्याला पुन्हा ओकारी झाली होती, आणि तो त्यातच गाल टेकून पडला होता.

सुतारांनी त्याचं डोकं उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि शर्टाच्या बाहीनं त्याचं तोंड पुसलं.

“राजे, गाडी येतीय. थोडा दम धरा.”

“आता कमी झालंय,” मायाप्पा पुटपुटला. “मघापासनं दुखायचं कमी आलंय.”

सुतारांनी माझ्याकडे बघितलं. दुखायचं कमी झालं याचा अर्थ आम्हा दोघांना माहीत होता. मेलेलं दुखत नाही.

निघताना सुतारांनी बोलावून ठेवलेली रुग्णवाहिका आली. मागं सुतार बसले. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. मागं माणसाला झोपायला जागा हवी, असं कारण मी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. गाव सुटल्यावर मागच्या काचेवर टकटक झाली. काच सरकवली.

“सर, तपासलं,” सुतार म्हणाले. “वर चढलंय. दगडासारखं.”

किती वेळ लागला होता त्यांना? मिनिटही नाही. धावत्या गाडीत, एका हातानं दांडा धरून.

जिल्ह्याच्या दवाखान्यात सहाच्या सुमाराला ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आले, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठे असतील.

“काळं पडलं होतं. काढावं लागलं. दुसरं टाके घालून पक्कं केलंय, म्हणजे त्याला तरी पीळ पडायचा नाही.” मग त्यांनी केसपेपर बघितला. “तुमच्याकडे किती वाजता आला?”

“नऊ.”

ते हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो. मायाप्पा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला सगळं कळलं होतं. मी त्याला समजावलं, की एक असलं तरी काही अडत नाही, लग्न होतं, मुलं होतात, कुस्तीसुद्धा खेळता येते. पुस्तकातलं सगळं सांगितलं. तो वळला नाही.

“सायेब,” तो भिंतीकडेच बघत म्हणाला, “तेवढं वस्तादांना सांगा. म्या कुठं गेलो नव्हतो म्हणून.”

“सांगतो,” मी म्हणालो.

हिरगावला येऊन मी आधी काय केलं असेल? सात नंबरमध्ये बसलो, रजिस्टर उघडलं आणि मायाप्पा बंडगरच्या नावापुढे लिहिलं: “रुग्णाने तपासणीस नकार दिला.” सही केली. सही झकास आली होती.

सुतार मागं उभे होते. ते कधी आले मला कळलं नाही. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“कागदावर काय लिहायचं ते लिहा,” ते म्हणाले. “तालमीत काय सांगणार आहात?”

“जातोय ना,” मी खेकसलो. “आज काय, उद्या जातो.”

“तो पोरगा आत्ता भिंतीकडं तोंड करून पडलाय.”

त्यानंतर त्यांनी पडद्यामागचं टेबल पुसायला घेतलं. पंधरा मिनिटांनी मला तो फडका टेबलावर फिरल्याचा आवाज ऐकवेना. मी उठलो. रजिस्टरमधली ती ओळ मात्र खोडली नाही. ती आजही कुठल्यातरी गठ्ठ्यात तशीच असेल.

तालमीत नवी माती भरून झाली होती. वस्ताद एकटेच हळद आणि ताक शिंपडत होते, पायानं माती कालवत होते. मी चपला काढल्या. कुठं उभं राहायचं कळेना, म्हणून ओट्याच्या कडेला उभा राहिलो.

“वस्ताद, मायाप्पाला तसला रोग नव्हता. पीळ पडला होता. तो कुणालाही पडतो, झोपेतसुद्धा. तो कुठंही गेला नव्हता.”

ते कालवायचे थांबले.

“मग तुमी तसं का सांगितलंसा?”

“चुकलं.”

“बघून चुकलं?”

“नाही.”

“मग?”

“बघितलंच नव्हतं.”

“का?”

मी काय सांगणार होतो? गर्दी होती? पेशंट तयार नव्हता? दोन्ही कारणं ओठांवर होती. एक तर कागदावर लिहूनही झालं होतं.

“किळस आली,” मी म्हणालो.

वस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं हा माणूस आता मला उचलून आपटणार, आणि आपटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते आखाड्याच्या कडेवर खाली बसले. गुडघ्यापर्यंत पाय हळदीनं पिवळे झालेले.

“मी तर मातीबी उपसली,” ते म्हणाले.

मग ते उठले, पाय धुतले, फेटा बांधला आणि आतल्या खोलीत जाऊन एका पैलवानाला बदामाची थंडाई घोटायला सांगितली. थंडाई किटलीत भरली. मी म्हटलं, “माझी मोटारसायकल आहे.” ते मागं बसले. चाळीस किलोमीटर किटली त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

वॉर्डात दुपारची वेळ होती. मायाप्पा आता पाठीवर झोपला होता. वस्तादांना बघून उठायला गेला आणि टाक्यांनी कळवळला.

“पड, पड,” वस्ताद म्हणाले आणि त्याच्या पायाशी टेकले. पेल्यात थंडाई ओतली. “घे. तुझ्यासाठनं घोटलीया. चूक झाली रे पोरा. चल परत. डॉक्टर सांगत्यात, एकावरबी सगळं हुतं. कुस्ती हुती, लगीन हुतं. मैदान हुकलं तर हुकू दे, पुढल्या साली धरू.”

मायाप्पानं पेला घेतला नाही. वस्तादांनी तो कपाटावर ठेवला.

“वस्ताद, तुमाला कुणी सांगितलं म्या गेलो नव्हतो म्हणून?”

“डॉक्टरांनी. सोता आलं होतं तालमीत.”

“म्हणून आलासा?”

“व्हय.”

“आणि म्या सांगत होतो तवा?”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलून आमच्याकडे बघायला लागला. मायाप्पाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो आमच्याकडे असा बघत होता, जसा मी सहा महिने टेबलापलीकडच्या प्रत्येक माणसाकडे बघत आलो होतो. जवळ येऊ नका, वास येतोय, असं.

“सहा वर्षं तुमच्या हातचं प्यालो,” तो वस्तादांना म्हणाला. “आता घशाखाली उतरायचं न्हाई. मळमळतंय नुसतं बघून.”

मग तो माझ्याकडे वळला.

“सायेब, हिकडं या.”

मी खाटेजवळ गेलो.

“आणखी जवळ. मधी टेबल न्हाई आता.”

त्यानं चादर बाजूला केली. दवाखान्याच्या पायजम्याची नाडी स्वतःच सोडली. आत कापसाची जाड पट्टी होती, कडेला तांबूस पिवळा डाग.

“काढा पट्टी.”

“सिस्टर बदलतील संध्याकाळी. मी कशाला...”

“तुमी काढा. हातानं.”

मी इकडेतिकडे बघितलं. हातमोजे दूर, सिस्टरच्या टेबलावर होते. ते आणायला जाणं मला जमलं नाही. मी चिकटपट्टीचं टोक सोडवलं. केस ओढले गेले तसा तो हिसका खाऊन आखडला, पण थांब म्हणाला नाही. कापूस जखमेला चिकटला होता. तो मी हलकेच सोडवला. औषधाचा, घामाचा, रक्ताचा वास आला. माझ्या बोटांना ओल लागली.

“बघा,” मायाप्पा म्हणाला. “त्या दिवशी बघितलं न्हाईसा. आता नीट बघा.”

मी बघितलं. एका बाजूला काळ्या दोऱ्याचे टाके होते, आणि त्याखाली रिकामी, चुणी पडलेली कातडी. तेवीस वर्षांच्या, कुणाला हात न लावलेल्या माणसाची. मला त्याची किळस आली नाही. माझ्या बोटांची आली.

वस्ताद उठून उभे राहिले होते. त्यांनी फेट्याचं टोक तोंडात धरलं होतं आणि खिडकीकडे मान फिरवली होती.

“वस्ताद,” मायाप्पा म्हणाला, “खिडकीत काय हाय? हिकडं बघा.”